पाथरीचं पाणी आणि गावचं सरकार

प्रश्न : आमच्या गावातली नाली दोन पावसाळ्यांपासून तुंबलेली आहे. ग्रामपंचायत म्हणते, निधी वरून यायचा आहे. वरचे म्हणतात, काम आराखड्यात बसत नाही. मग एवढ्या अवाढव्य देशाचा आम्हाला उपयोग काय? गांधीजी सांगत तशी आपला कारभार आपण पाहणारी लहान लहान गावं असावीत, दिल्ली-मुंबईने मध्ये पडू नये, असं का होऊ नये? असं कुठे झालं आहे का?
– एक शेतकरी वाचक, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : नुसत्या आकारावर जायचं तर परभणी जिल्हा स्वतंत्र देश व्हायलासुद्धा लहान नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. एस्टोनियाची लोकसंख्या त्याहून कमी आहे, आइसलंडची तर चार लाखांच्या आतबाहेर. लक्झेंबर्गचं क्षेत्रफळ आपल्या जिल्ह्याच्या निम्मंही भरत नाही. हे तिन्ही देश संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत बसतात आणि भारताइतकंच एक मत देतात. तेव्हा लहान म्हणजे दुबळं, हे गृहीत धरायचं कारण नाही. तुमचा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवा.

पण तुम्ही पाथरीचे आहात आणि शेतकरी आहात. उत्तराची सुरुवात तुमच्या कालव्यापासूनच करतो, कारण हा प्रश्न पुस्तकात जितका कळतो त्याहून जास्त कालव्यावर कळतो.

जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्‌घाटन झालं. पैठणपासून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जिल्हे ओलांडून परभणीत येतो. पाथरी, मानवत, परभणी हे तालुके त्याच्या शेपटाकडचे. धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. प्रत्येक गाव सार्वभौम असतं आणि प्रत्येकाला नकाराचा अधिकार असता, तर हे धरण झालंच नसतं. त्या गावांवर अन्याय झाला, त्यांच्या पुनर्वसनाची दुखणी पुढे कितीतरी वर्षं रेंगाळली, हे मला विसरायचं नाही. पण त्याच पाण्यावर पाथरीचं रान भिजतं, हेही खरं आहे.

आता धरणाच्या वरच्या अंगाला पाहा. गोदावरीच्या खोऱ्यात जायकवाडीच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणं आहेत. पाऊस कमी झाला की वरची धरणं भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो. वरच्या गावांनी पाणी सोडायला विरोध करावा यात नवल काही नाही, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. हा तंटा कसा सुटला? २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यातल्या टंचाईचा भार वरच्या आणि खालच्या धरणांनी मिळून सोसावा, असं त्यात कलम आहे. त्याच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावं. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही खालच्यांचा हक्क मान्य केला. पाथरी तालुक्यातल्या एकूण एक ग्रामसभांनी एकमताने ठराव केले असते, तरी दारणेचा एक दरवाजा उघडला नसता. ज्या नदीवर दहा तालुके एकमेकांच्या वर-खाली बसलेले आहेत, तिथे त्या सगळ्यांच्या वर बसलेलं कुणीतरी लागतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी सरळ ‘मोठं सरकार हवं’ असं लिहून मोकळा झालो असतो. पण पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत उतरलं की चित्र उलटं होतं. चारीवर कुणाचा बांध फुटका आहे, कुणी रात्री मोटार टाकतो, कुणाची पाळी दरवेळी हुकते, हे मंत्रालयात कधीच कळणार नाही. शेजपाळीचा नियम शेपटाकडून तोंडाकडे पाणी देण्याचा. कागदावर तो अगदी न्याय्य आहे. पण शेपटाच्या शेतकऱ्याला विचारा की शेवटची पाळी त्याच्यापर्यंत किती वेळा पोचते. म्हणूनच २००५ मध्येच पाणी वापर संस्थांचा वेगळा कायदा आला. संस्थेला पाणी मोजून द्यायचं आणि आतली वाटणी शेतकऱ्यांनी आपसात करायची, असा त्याचा गाभा आहे. ज्या संस्था नेटाने चालवल्या गेल्या तिथे फरक दिसतो. जिथे त्या नावापुरत्या नोंदल्या गेल्या तिथे काहीच बदललं नाही.

शेतकऱ्यांना हे जमतं का, अशी शंका कुणी काढली तर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतली फड पद्धत दाखवावी. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर दगडी बंधारे बांधून शेतकऱ्यांनी स्वतःच पाण्याची व्यवस्था शतकानुशतकं चालवली. बंधाऱ्याखालचं रान फडांत विभागलेलं असे, एका फडात एकच पीक, आणि पाणी द्यायला सगळ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी. एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तरी झळ बहुतेकांना सारखीच बसायची. मला या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी अक्कल इथे वाटते. लहान समाज आपला कारभार चांगला करतो तो सगळे साधू असतात म्हणून करत नाही, नुकसान सगळ्यांच्या वाट्याला येतं म्हणून करतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणंही असंच होतं की खालच्या संस्थेला आपले नियम आपण करू द्यावेत आणि वरच्या सरकारने तिचा तो हक्क मान्य करावा.

आता जरा कडू भागाकडे येतो. वर ‘झळ बहुतेकांना सारखी’ असं म्हटलं. आपल्या गावात झळ सगळ्यांना सारखी कधी बसत होती?

इंग्रज अधिकारी मेटकाफ याने १८३० साली हिंदुस्थानातल्या गावांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं आणि ते चित्र पुढे आपल्याकडच्या कित्येकांना भुरळ घालून गेलं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आला. त्यात पाटील-कुलकर्णी, बलुते, अलुते, हक्क आणि लाजिमे यांचा जो तपशील आहे तो वाचला की गाव स्वयंपूर्ण होतं हे पटतं आणि ते कुणाच्या पाठीवर स्वयंपूर्ण होतं हेही दिसतं. गावकुसाबाहेरच्यांना त्या प्रजासत्ताकात बोलायची मुभा नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत याच गोडव्यावर कठोर प्रहार केला. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीय वृत्तीचं आगर आहे, आणि मसुद्यात गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याचं आपल्याला समाधान आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. परभणी तेव्हा भारतात येऊन दीडच महिना झाला होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. ते राज्य ग्रेट ब्रिटन बेटाएवढं मोठं, पण रयतेला जाब न देणारं. रझाकारांच्या काळात इथल्या खेड्यांनी जे भोगलं, त्यातून सुटका व्हायला गावांचा पराक्रम लागला आणि दिल्लीचं सैन्यही लागलं.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर १९७८ आठवा. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि परभणी, नांदेडकडच्या खेड्यांत दलित वस्त्या पेटल्या. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली, कामावर घेणं बंद केलं, दुकानातून सामान देणं बंद केलं. गावाच्या बहुमताला तेव्हा ते योग्य वाटत होतं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या वेळच्या सरकारी यंत्रणेने वेळेवर संरक्षण दिलं असंही मी म्हणणार नाही, कित्येक ठिकाणी तिने दिलं नाही. पण ज्यांची घरं जळली त्यांना दाद मागायला गावाबाहेर एक जागा होती, कायदा होता, न्यायालय होतं. गाव हेच शेवटचं सरकार असतं तर तेवढंही उरलं नसतं. लहान लोकशाहीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने या जिल्ह्याचा हा इतिहास समोर ठेवूनच बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

ही काही आपल्याच मातीची खोड नाही. स्वित्झर्लंडमध्ये अपेनझेल इनरहोडेन नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. तिथे आजही वर्षातून एकदा सगळे नागरिक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. तुम्ही मागता ते स्वराज्य याहून सुंदर कुठे सापडायचं? पण त्या चौकातल्या पुरुषांनी बायकांना मत द्यायला वारंवार नकार दिला, अगदी एप्रिल १९९० मध्येसुद्धा. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बायकांचा हक्क त्यांच्यावर लादला. आपल्याकडे परभणीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा महिलांच्या आहेत. एकेका गावावर सोडलं असतं तर त्या किती गावांत झाल्या असत्या?

‘असं कुठे झालं आहे का’ हे तुम्ही विचारलंत. झालं आहे, आणि महाराष्ट्रातच झालं आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. जानेवारी १९३९ मध्ये तिथे गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू झाली. ती आखण्यात राजांचे पुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर यांचा मोठा वाटा होता. संस्थानात ७२ गावं होती. गावाने पंचायत निवडायची आणि पंचायतींमधून वरची सभा उभी राहायची, म्हणजे सत्ता पायरीपायरीने खालून वर जायची. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतल्या संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग थांबला. नऊ वर्षं हा काळ फार थोडा आहे. तो प्रयोग पुढे कसा गेला असता, हे पाहायची संधी आपण घालवली याची मला खंत वाटते. राजाच्या मर्जीतून आलेलं स्वराज्य होतं हे खरं, पण सत्ता सोडणारा राजा तरी आपण किती पाहिले?

दुसरं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्या कामाशी जोडलेली नावं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं असा रिवाज आहे. त्यामुळे एकट्या पडलेल्या माणसालाही थांबवायचा अधिकार राहतो. मघाशी जो धोका सांगितला त्यावरचा मला माहीत असलेला हा सर्वांत चांगला उतारा. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारे वाहतूक परवाने गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले. घोषणेत दिल्लीला नकार नाही, हे लक्षात घ्या. हा वनहक्क संसदेने २००६ साली केलेल्या कायद्यातून आला. गावाने तो वापरायची हिंमत दाखवली.

आता तुमच्या नालीकडे. तिथे माझी सगळी सहानुभूती तुमच्या बाजूला आहे.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. मात्र त्यांतले किती विषय खरोखर द्यायचे हे राज्यावर सोडलं. महाराष्ट्र या बाबतीत कधी काळी पुढे होता, १ मे १९६२ पासून इथे जिल्हा परिषदा आहेत. पण अलीकडचं वागणं पाहा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये ते रद्द करून पुन्हा सदस्यांतून निवड सुरू झाली. २०२२ मध्ये परत थेट निवड आली. पाच वर्षांत गावचा प्रमुख निवडायची रीत तीनदा बदलली, आणि एकदाही कुठल्या ग्रामसभेला विचारलं गेलं नाही. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली, परभणीचीही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असं घटना सांगते. प्रत्यक्षात तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार केला. लोकसभेची निवडणूक तीन वर्षं लांबली असती तर देश पेटून उठला असता. जिल्हा परिषदेची लांबली तर फार कुणाची झोप उडाली नाही. गावाला अधिकार नाहीत हे जितकं खरं, तितकंच हेही खरं आहे की ते काढून घेतले जातात तेव्हा आपण गप्प राहतो.

जिथे अधिकार खरोखर हाती येतो तिथे माणसं कशी वागतात, याचं एक उदाहरण मराठवाड्यात घरोघर ठाऊक आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी होते आणि मतदानाचा दिवस ठरतो. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गुप्त मतदान असतं, त्यामुळे नवरा, दीर, दुकानदार कुणालाही कळत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान जातं. नीट पाहा, मतदानाला ‘आलेल्या’ बायकांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांतल्या बायका मतदानाच्या दिवशी कारखान्याच्या तळावर असतील, तर त्यांचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्याच बाजूने पडल्यासारखं होतं. तरीही बायकांनी महाराष्ट्रभर दुकानं बंद पाडली. निर्णय गावाचा, पण मतपेटी तहसीलची आणि बंदोबस्त पोलिसांचा. बाहेरची यंत्रणा नसती तर गावातल्या दुकानदारासमोर ही गुप्तता कोण राखणार होतं?

म्हणून माझं उत्तर असं : गावाला पैसा आणि नकाराचा हक्क द्या, आणि गावातल्या प्रत्येक माणसाला गावाच्या वर दाद मागायची जागा ठेवा. यातलं दुसरं आपण बऱ्यापैकी उभं केलं. पहिलं अजून उभं करायचं आहे. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. तीच पूर्ण वसूल होत नाही, आणि जो वर हात पसरतो त्याला वरच्याचं ऐकावं लागतं. पट्टी भरणारा माणूस हिशेब मागतो. वरून आलेल्या पैशाचा हिशेब मागायला तो सहसा उठत नाही. सरपंचांना हे आवडणार नाही, पण घरपट्टी वसूल करणारं गावच स्वराज्याच्या जवळ जातं, असं मला वाटतं.

तुमची नाली मात्र त्या दिवसाची वाट पाहत बसायची गरज नाही. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने दिलेल्या निधीत साठ टक्के रक्कम बंधित ठेवली, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. सांडपाण्याची नाली त्यात बसते. ते काम ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखड्यात घ्यायचं की नाही हे ग्रामसभा ठरवते, पंचायत समिती नव्हे. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला कमी आकडा हजर लागतो. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभा थोडक्या लोकांतही उरकता येते. बहुतेक गावांत नेमकं हेच होतं. तेव्हा तुमच्या गल्लीतली माणसं, आणि विशेषतः बाया, पहिल्याच सभेला घेऊन जा, ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेतही हा विषय घ्यायला लावा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की तिथेच वाचून घ्या. बंधित निधी किती आला आणि कशावर गेला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहता येतं. तिथे न सापडल्यास माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.